आवळू नकोस, सैल बस

अगं, तुझा मेसेज मिळाला. शनिवारी शेतावरच्या त्या क्लाइड्सडेल घोडीवर बिनखोगिराची बसणार आहेस. मालकीणबाईंनी आपणहून विचारलं, तू पटकन ‘हो’ म्हणून मोकळी झालीस आणि तेव्हापासून पोटात गोळा आलाय. घोड्याचा अनुभव म्हणशील तर लहानपणी माथेरानला घोडेवाल्याने लगाम धरून फिरवलं होतं, तेवढाच. आणि आईला अजून काही सांगितलेलं नाहीस. बरोबर ना?

मग आता चहा करून घे आणि नीट ऐक. ‘हो’ म्हणालीस ते छान केलंस. भीती वाटतेय तेही छानच आहे. पाऊण-एक टन वजनाच्या जनावराजवळ जाताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशेजारी मी तबेल्यात उभीसुद्धा राहत नाही. भीतीमुळे डोळे उघडे राहतात, हात जपून चालतात. फक्त ती तुझ्या मांड्यांमध्ये उतरू द्यायची नाही. खरं सांगू का, मला तुला एवढंच सांगायचंय: त्या रुंद पाठीवर आवळून बसणारी घसरते आणि सैल बसणारी टिकते. बाकी सगळं हे सैल बसणं तुला जमावं म्हणून.

आधी त्या उंचीचं बोलून टाकू, कारण रात्री झोप उडवणारी तीच आहे. इथे स्कॉटलंडमध्ये घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. मान आणि पाठ जिथे जुळते त्या उंचवट्यापर्यंत मोजायचं. क्लाइड्सडेल साधारण १६ ते १८ हँड भरतो. म्हणजे १७ हँडची घोडी धरलीस तर नुसती पाठच पाच फूट आठ इंचांवर, मान आणि डोकं त्याच्या वर. तू आपली पाच फूट दोन इंच. तिच्या शेजारी उभी राहिलीस की पलीकडचं काही दिसणारच नाही. पण घाबरू नकोस गं. उंच घोड्यावर जमिनीवरून उडी मारून कुणी चढत नाही. त्यासाठी पायऱ्यांचा लाकडी ठोकळा असतो, आणि तो मागताना लाजायचं कारण नाही. घोडी एवढी मोठी आहे ती तुला घाबरवायला नव्हे, ओझी ओढायला. लॅनर्कशायरमध्ये, क्लाइड नदीच्या खोऱ्यात ही जात घडली ती नांगर ओढायला, कोळशाच्या आणि मालाच्या गाड्या ओढायला. १८७७ साली तिची संस्था स्थापन झाली, आणि इथून हे घोडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत गेले. फॉल्कर्कला ती दोन प्रचंड पोलादी घोड्यांची डोकी पाहून आलीस ना, तीस मीटर उंचीची, केल्पीज म्हणतात ती? शिल्पकार अँडी स्कॉट यांनी ती घडवताना नमुना म्हणून दोन क्लाइड्सडेल घोडेच समोर ठेवले होते.

अशा कामात तापट घोडा कुणाला परवडणार? गजबजलेल्या रस्त्यावर, गोदीच्या गोंगाटात, माणसांच्या गर्दीत दिवसभर उभं राहायचं म्हणजे डोकं थंडच लागतं. पिढ्यान्‌पिढ्या शांत घोड्यांचीच निवड होत गेली, म्हणून आज तुझ्यासारख्या नवख्या मुलीला मालकीण विश्वासाने ‘बस’ म्हणू शकते. शांत म्हणजे बिनधोक मात्र नव्हे हं. घाबरला तर हाही घोडा घोडाच आहे, आणि एवढं वजन चुकून पायावर पडलं तरी दुखतंच.

आणि बिनखोगिराचं बसणं हे काही हल्लीचं फॅड नाही. दिवसभर नांगरून झालं की इथले नांगरे याच घोड्यांच्या उघड्या पाठीवर, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, घरी परतायचे. झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहून ठेवलंय. त्याच्या काळी रिकीब नव्हतीच, पाठीवर फार तर एखादं कापड. तो सांगतो की खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं बसावं. ही सूचना लक्षात ठेव, शनिवारी तुला तीच लागणार आहे.

‘आपण शहरातल्या मुली, आपल्याला कसं जमणार’ हे मात्र माझ्यापुढे बोलू नकोस. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इथे विमेन्स लँड आर्मी उभी राहिली. १९३९ मध्ये ती पुन्हा उभी केली आणि १९५० पर्यंत चालली. दुकानांत, कचेऱ्यांत काम करणाऱ्या कितीतरी मुली शेतांवर गेल्या. ज्यांनी कधी घोड्याला हात लावला नव्हता, त्यांनी या अवाढव्य घोड्यांना साज चढवला, नांगराला जुंपलं, रात्री त्यांना दाणा-वैरण घातली. त्याच्या आधी स्कॉटलंडच्या ईशान्येला घोडेवाल्या नांगऱ्यांची ‘हॉर्समन्स वर्ड’ नावाची गुप्त मंडळी होती. घोडा ताब्यात ठेवायची विद्या त्यांच्यापुरतीच, बायकांना तिथे प्रवेश नाही. आता तू ठोकळ्यावर उभी राहून आयाळीला हात घालणार आहेस. बघ, केवढा फरक पडलाय!

बरं, आता कामाचं. शनिवारी तिथे गेल्यावर आधी प्रश्न विचारायचे. भिडस्तपणा घरी ठेवून जा. पहिला प्रश्न: ही घोडी याआधी कुणाला पाठीवर घेऊन चाललीये का? गाडी ओढणं आणि पाठीवर माणूस घेणं ही दोन वेगवेगळी शिक्षणं आहेत गं. गाडीचा घोडा आवाजावर चालतो, आवाजावर थांबतो. छातीशी साजाच्या गादीचा दाब आला की पुढे रेटायचं, हे त्याला शिकवलेलं असतं. पोटाला टाच लागली तर त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. शिवाय कामाला जुंपताना पुष्कळदा डोळ्यांना झापडं असतात, त्यामुळे मागचं-वरचं त्याला दिसत नाही. एके दिवशी झापडं काढली आणि पाठीवर काहीतरी हलणारं दिसलं, तर बिचारं दचकणारच. तेव्हा ‘बसवून घेते’, ‘झापडांशिवाय बसवून घेते’ अशी स्पष्ट उत्तरं मिळाली तरच पुढे जायचं. ‘बघू या, आज तूच पहिली’ असं म्हणाल्या, तर गोड हसून नाही म्हण. नवख्या घोडीवर नवखी मुलगी, हा जोड जमवायचा नाही.

दुसरा प्रश्न: तिला कोणते शब्द समजतात? चालायला कुठला, थांबायला कुठला? ते शब्द बाई म्हणतात त्याच सुरात म्हणायचे. तिसरा: डोक्याशी दोर धरून कोण चालणार? पहिल्या दिवशी कुणीतरी धरलेलीच हवी, मोकळी अजिबात नाही. चौथा: बसायचं कुठे? कुंपण घातलेली, सपाट, मऊ जमिनीची जागा हवी. रस्त्यावर नको, उतारावर नको, दुसरे घोडे मोकळे चरताहेत अशा कुरणात तर नकोच नको.

कपड्यांचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही आणि मग बाईमाणसाची पंचाईत होते. जीन्स घालू नकोस. आतल्या जाड शिवणी मांडीला अशा काचतात की रविवारी चालवत नाही. गुळगुळीत नायलॉनची लेगिंगही नको, ती सरकते. जाडसर सुती लेगिंग किंवा घोडेस्वारीची जोधपुरी विजार चालेल. आत शिवण नसलेली साधी सुती चड्डी, वर अंगाबरोबर बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा. पायात घोट्याच्या वर येणारे बूट. चपला-सँडल घालून तबेल्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, लोंबते कानातले, गळ्यातलं, ओढणी-स्कार्फ, सगळं घरी. केस बांधून मागे, पण उंच अंबाडा नको, कारण हेल्मेट नीट बसलं पाहिजे. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, सायकलचं चालत नाही. इथे त्याच्या आत ‘पीएएस ०१५’ असा मानकाचा शिक्का बघायला मिळेल. हेल्मेट नसेल तर बसायचं नाही. याच्यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

पाळीचे दिवस असतील तर? तुझं तू ठरव. कंबर दुखत नसेल तर काहीच अडचण नाही, दुखत असेल तर पुढचा शनिवार आहेच. गर्भार मात्र असशील, तर घोडीवर चढायचा विचार सोड. खाली उभी राहून तिचे लाड कर.

आता त्या दिवशी तासभर आधी पोहोच. हा तास वाया जात नाही, निम्मं शिक्षण त्यातच होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला भोवतालचं खूप दिसतं. पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने जायचं, बोलत बोलत जायचं. मराठीत बोललीस तरी चालेल. तिला तुझा सूर कळला की झालं. मानेवर हात ठेव, आणि मग खरारा मागून घे. अंगभर खरारा कर. चिखल, सुटलेले केस, वाळलेला घाम निघून जाऊ दे, कारण तुझ्या आणि तिच्या अंगामध्ये शनिवारी काहीच नसणार. मधे एखादा खडा राहिला तर तो तुलाही टोचेल आणि तिलाही. पायांवरच्या त्या लांब पांढऱ्या केसांखाली कातडी ओली राहते, तिथे खाज, सूज, जखमा होतात. या जातीला तो त्रास पुष्कळदा होतो, म्हणून तिथे हात घालायच्या आधी बाईंना विचार आणि त्या दाखवतील तसं बघ.

खरारा झाला की तळहाताने पाठ हळूहळू दाबत जा, खांद्यापासून कमरेपर्यंत. ती अंग चोरते का, कान मागे पाडते का, शेपूट झटकते का, वळून बघते का? तसं काही दिसलं तर तिची पाठ दुखत असेल. मग आज बसायचं नाही, आणि बाईंना तसं सांगायचं. आणि दोर धरायची वेळ आली तर तो हाताभोवती कधीही गुंडाळायचा नाही. घडी करून मुठीत धरायचा. घोडी अचानक निघाली तर दोर सुटला पाहिजे, बोटं जाता कामा नयेत.

आता चढणं. ठोकळा तिच्या डाव्या बाजूला, अगदी जवळ लावलेला. कुणीतरी डोक्याशी उभं. तू वरच्या पायरीवर. डाव्या हातात लगाम आणि त्याच मुठीत मानेच्या तळाशी असलेली आयाळ, चांगली मूठभर. आयाळ धरायला लाजू नकोस. तोल गेला की हात काहीतरी धरणारच, आणि लगाम ओढलास तर तो तिच्या तोंडातल्या लोखंडाला ओढ देतो. मग आधी नुसती पोटावर आडवी पड तिच्या पाठीवर. तुझं वजन तिला कळू दे. ती शांत उभी राहिली, कान सैल राहिले, तर उजवा पाय वरून पलीकडे ने, आणि नेताना तिच्या मागच्या भागाला लाथ लागणार नाही याची काळजी घे. आणि बसताना धप्पकन नाही हं. हातांवर भार घेत सावकाश टेक.

बसलीस? आता श्वास सोड. वर पोहोचल्यावर सगळ्याच जणी श्वास धरून बसतात.

पहिली गोष्ट तुला जाणवेल ती ऊब. घोड्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जरा जास्त असते, साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस. स्कॉटलंडच्या थंडीत ती ऊब मांड्यांना इतकी बरी वाटते की निम्मी धास्ती तिथेच उतरते. दुसरी गोष्ट जाणवेल ती रुंदी. माथेरानच्या तट्टावर पाय सहज खाली सुटतात. इथे ते दोन्हीकडे फाकलेलेच राहतात. जांघा ताणल्या जातील, आणि तू न ठरवताही गुडघे आत दाबायला लागशील. तिथेच मला तुला थांबवायचंय बघ. आंब्याची ओली कोय मुठीत आवळली की कशी सुळकन निसटते? रुंद, गोल पाठीवर गुडघे आवळले की तुझं तसंच होतं. आवळलेले गुडघे तुला वर उचलतात, मांड पातळ होते, आणि एका धक्क्यात तू बाजूला जातेस. शिवाय पायांची पकड घोडीला ‘चल, पुढे हो’ अशी वाटू शकते. तू घाबरून आवळतेस, ती जोरात चालते, तू आणखी आवळतेस. हे चक्र तुझ्याच मांड्यांनी सुरू होतं आणि तुझ्याच मांड्यांनी थांबतं.

मग सैल कसं बसायचं? खाली मान घालून बघू नकोस, तिच्या दोन कानांमधून लांब बघ. कुल्ल्यांखाली दोन हाडं असतात, ती तिच्या पाठीवर टेकलेली जाणवली पाहिजेत. पुढे झुकलीस तर समोरचं नाजूक हाड घासतं, आणि ते किती दुखतं हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. थोडी मागे, सरळ. कंबर मऊ. मांड्या जांघेपासून खाली लोंबू दे, पोटऱ्या सुटू दे, पावलं जड होऊ दे. झेनोफन म्हणतो तसं, पाय फाकवून उभी असल्यासारखी. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत. हे जमावं म्हणून आतापासून रोज रात्री बद्धकोनासन करत जा, आणि टीव्ही बघताना सोफ्यावर न बसता जमिनीवर मांडी घालून बस. जांघा मोकळ्या व्हायला आपल्या घरच्या सवयीसारखं काही नाही.

थोडा वेळ उभ्या घोडीवरच बस. एक हात वर कर, मग दुसरा. मान वळव. वाकून तिच्या मानेवर हात फिरव, पुन्हा सरळ हो. आणि चालायच्या आधी एकदा उतरून पुन्हा चढ. हो, चालायच्या आधीच! उतरता येतं हे अंगाला एकदा कळलं की मन अडकून राहत नाही. उतरताना दोन्ही हात तिच्या मानेवर, पुढे झुक, उजवा पाय मागून आण, पोटावरून घसरत खाली ये आणि गुडघे वाकवून टेक. अंतर बरंच आहे, म्हणून शक्यतो पुन्हा ठोकळ्याशीच ने आणि त्याच्यावर उतर.

मग सांग, ‘चला’. घोड्याच्या संथ चालीत चार ठेके असतात: एका बाजूचा मागचा पाय, त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा आणि पुढचा. खोगीर नसल्यामुळे तिच्या पाठीचा एकेक स्नायू कसा हलतो ते तुला कळेल. तुझी कंबर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आपोआप पुढे जाईल. तिला जाऊ दे. तू मुद्दाम हलवायचंही नाही, अडवायचंही नाही. मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार मोज. मोजत राहिलं की श्वास आपोआप येतो-जातो, आणि ज्या बाईचा श्वास चालू आहे तिच्या मांड्या फार वेळ आवळलेल्या राहू शकत नाहीत.

थांबायचं असेल तर श्वास लांब सोड, कंबर शांत कर, जड होऊन बस आणि तिचा शब्द म्हण. लगाम सगळ्यात शेवटी आणि हलक्या हाताने. एवढ्या घोडीला बळाने कुणी थांबवत नाही गं, मालकीणबाईही नाही. म्हणून तुझ्या दंडात ताकद नाही याची काळजी सोड, त्याचा इथे काही संबंधच नाही.

आता मधेच काय काय होऊ शकतं ते आधीच ऐकून ठेव, म्हणजे दचकणार नाहीस. गवत दिसलं की ती मान खाली घालेल, आणि क्षणात तुझ्यासमोरची सगळी भिंतच नाहीशी होईल, नुसता उतार. अशा वेळी लगाम धरून ओढाताण करू नकोस, मागे सरळ बस आणि दोर धरणारीला तिचं डोकं वर आणू दे. माशी बसली तर तिची कातडी थरथरेल, पाय पोटाकडे जाईल. ते तुझ्यासाठी नाही, माशीसाठी आहे. अंग झाडलं तर आयाळ धर, दोन क्षणांत संपतं. लघवीला थांबली तर जरा पुढे झुक आणि तिला होऊ दे. पण ती खुराने जमीन उकरायला लागली आणि गुडघे वाकवायला लागली, तर तिला लोळायचंय. मग मोठ्याने सांग आणि लगेच उतर, कारण तिच्याखाली सापडायचं नाहीये.

आणि पडलीस तर? शक्यता आहे, लपवत नाही. पडताना लगाम सोडून दे, हात पुढे करून जमीन धरायला जाऊ नकोस, अंग गोळा करून तिच्या पायांपासून दूर लोळ. डोक्याला लागलं असेल, तर कितीही बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुन्हा चढायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. ‘पडल्यावर लगेच पुन्हा बसलंच पाहिजे’ असं कुणी म्हणेल. डोक्याला लागल्यावर कुणाचंच ऐकू नकोस.

पहिल्या दिवशी फक्त चाल, तीही दहा-पंधरा मिनिटं. दुडकी चाल अजिबात नाही. एवढ्या मोठ्या घोडीची दुडकी उसळवते, आणि तुझी मांड अजून बसलेली नाही. शिवाय तिच्या पाठीचाही विचार कर. खोगीर तुझं वजन पाठीच्या दोन्ही बाजूंना पसरवतं. खोगीर नसलं की तोच भार तुझ्या दोन हाडांखाली, थोड्याशा जागेत येतो. घोडी एवढी दांडगी, तिला माझं वजन ते काय, असं वाटेल. पण दुखतं ते त्या दोन जागांवर. म्हणून कमी वेळ, सपाट जमीन आणि सैल बसलेली मुलगी, हे तिच्यासाठीही हवं. आणि कुणी रिकिबी लावलेलं मऊ गादीचं पॅड आणून दिलं तर नको म्हण. त्यात ताठ चौकट नसते. एका रिकिबीवर वजन पडलं की सगळं फिरून पोटाखाली जातं, आणि पाय अडकतो तो वेगळाच.

फोन बॅगेत ठेव. चालत्या घोडीवर बसून सेल्फी काढायचा नाही. तू उतरायच्या आधी बाई एक फोटो काढून देतील, तो आईला पाठव. आणि सांगायचं कधी? मला विचारशील तर आदल्या दिवशीच. ‘कुणीतरी दोर धरणार आहे, हेल्मेट आहे, फक्त चालवणार आहे’, एवढं ऐकलं की आई थोडी रागावेल आणि नंतर घोडी कुठल्या रंगाची आहे ते विचारेल. लपवून ठेवलंस तर तो फोटो बघून जास्त रागावेल.

उतरल्यावर निघून येऊ नकोस. तिच्या पाठीवरून हात फिरव, घाम आला असेल तर पूस, पाणी दाखव, थोडं चालव. रविवारी तुझ्या जांघा आणि कंबर बोलतील. गरम पाण्याने आंघोळ कर, थोडी चाल, दुपारी आडवी हो. दोन-तीन दिवसांत ओसरतं.

एक शेवटचं. या घोड्यांचं काम ट्रॅक्टरांनी आणि ट्रकांनी नेलं, आणि क्लाइड्सडेल आज ब्रिटनमध्ये दुर्मिळ जातींच्या काळजीच्या यादीत आहे. अशा मोजक्या शेतांवर, अशा हौशी बायांनी हे घोडे जपलेत म्हणून तुला ही पाठ मिळतेय. तेव्हा शनिवारी बसणं जमलं तर उत्तम. नाही जमलं, ठोकळ्यावर उभी राहून ‘आज नको’ असं वाटलं, तर तसं स्पष्ट सांग आणि तासभर खरारा करून ये. पुढच्या शनिवारी पुन्हा जा. घोडीला तुझी सवय होईल, तुला तिची होईल, आणि बसणं त्यातूनच येईल.

तुला जमणार आहे, मला खात्री आहे. हेल्मेट घाल, प्रश्न विचार, आयाळ धर, मांड्या सैल सोड. आणि उतरल्या उतरल्या आधी आईला फोन कर, मग मला.